गणेशपुरी, वज्राबाई आणि महाजालावरील साधनशोध

१

भिवंडीच्या उत्तरेस सुमारें बारा मैलांवर, तानसा नदीच्या कांठीं, वज्रेश्वरीचें देवालय आहे. तेथून थोड्याच अंतरावर गणेशपुरी हें गांव व तेथील भीमेश्वराचें मंदिर आणि ऊन पाण्याचीं कुंडें लागतात. अकलोली येथेंही असेच झरे आहेत. चिमाजी आप्पांनीं वसईच्या मोहिमेच्या वेळीं देवीस नवस केला व किल्ला हातीं आल्यावर देऊळ बांधविलें, ही कथा ह्या मुलुखांत सर्वतोमुखीं आहे. वसईचा तह इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत झाला व आप्पा १७४० च्या डिसेंबरांत वारले. अर्थात् नवस फेडण्याविषयींची त्यांची आज्ञा म्हणून जी कांहीं असेल, ती ह्या एकोणीस महिन्यांतच पडली पाहिजे. इतका आटोपशीर काळ आणि इतका आटोपशीर मुलूख पाहून हा विषय सोपा आहे असें कोणासही वाटेल.

हा विषय आज आम्ही निराळ्याच कारणास्तव हातीं घेतला आहे. कांहीं महिन्यांपूर्वीं भिवंडी तालुक्यांतील एका घरीं माळ्यावर जुने मोडी कागद आहेत असें आमच्या कानीं आलें. आम्ही तेथें जाऊन पोंचेपर्यंत दोन रुमालांपैकीं एक रद्दींत गेला होता. घरांतील तरुण मुलगा शिकलेला व विनयशील होता. त्यानें आम्हांस सांगितलें, “फेंकण्यापूर्वीं मीं महाजालावर शोधून पाहिलें, इकडच्या गांवांचा जुना इतिहास म्हणून तेथें कांहींच सांपडलें नाहीं. तेव्हां ह्या कागदांत तरी काय असणार?” उरलेला रुमाल त्यानें आनंदानें आम्हांस दाखविला. गेला तो गेला.

ह्या मुलास दोष देण्याचें कारण नाहीं. शोधयंत्रानें जें दाखविलें नाहीं तें जगांत नाहींच, हा समज आज चांगल्या शिकलेल्या मंडळींतही रूढ झाला आहे. आपल्यासारख्या कागद जमविणाऱ्या मंडळींपैकीं कित्येकांचा समज ह्याच्या उलट आहे. महाजाल म्हणजे केवळ गप्पांचा बाजार, तेथें अस्सल साधनास वाव नाहीं, असें ते म्हणतात. आमच्या मतें दोन्ही समज एकाच अज्ञानाच्या पोटीं जन्मले आहेत. महाजालावर शोध करणें ही एक विद्या आहे. मोडी वाचणें किंवा जंत्री जुळविणें जसें शिकावें लागतें तशीच हीही शिकावी लागते. गणेशपुरीचें उदाहरण घेऊन ह्या विद्येचीं मूलतत्त्वें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

२

आम्ही प्रथम ‘गणेशपुरी’ हा एकच शब्द शोधयंत्रास दिला. उत्तरादाखल स्वामी नित्यानंदांची समाधि, स्वामी मुक्तानंदांचा आश्रम, यात्रेकरूंच्या सोयी व तेथवरचे रस्ते ह्यांचीं पानेंच्या पानें पुढें आलीं. ह्याचें कारण उघड आहे. नित्यानंद येथें १९३६ च्या सुमारास येऊन राहिले व १९६१ च्या ऑगस्टांत येथेंच समाधिस्थ झाले. मुक्तानंदांचा आश्रम १९५६ पासूनचा असून १९७० नंतर त्यांच्या परदेशच्या प्रवासांमुळें अमेरिकेपर्यंत त्यांचा शिष्यवर्ग वाढला. ह्या वर्गानें इंग्रजींत विपुल लेखन केलें. तें भक्तांस मोलाचें आहे, आणि विसाव्या शतकाचा इतिहास लिहिणारासही उपयोगी पडेल. परंतु अठराव्या शतकाचा प्रश्न विचारणारापुढें हीच विपुलता भिंतीसारखी उभी राहते.

येथें शोधयंत्राचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. गूगल हें यंत्र १९९८ त निघालें तेव्हांपासून त्याचें एक मुख्य तत्त्व असें आहे कीं, ज्या पानाकडे इतर पुष्कळ पानें बोट दाखवितात तें पान वर आणावयाचें. म्हणजे यंत्र लोकप्रसिद्धि मोजतें. साधनाची प्राचीनता किंवा अस्सलपणा मोजण्याचा त्याचा व्यवसाय नव्हे. बाजारांत शिरून ‘चांगला माणूस कोण?’ असें विचारल्यास ज्याचें दुकान मोठें त्याचेंच नांव ऐकूं येतें, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून प्रश्न असा विचारावा कीं गर्दीस बाजूला सरकावेंच लागेल.

त्यासाठीं चार साधीं चिन्हें पुरतात. दोन किंवा अधिक शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमानें हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावे. नको असलेल्या शब्दामागें वजाबाकीचें चिन्ह, मध्यें जागा न सोडतां, जोडावें. ‘गणेशपुरी’ ह्या शब्दापुढें आश्रम, नित्यानंद व मुक्तानंद हे तीन शब्द असे वजा केल्याबरोबर भिंतीस खिंड पडते. तिसरें, शोध एकाच संकेतस्थळापुरता मर्यादित करण्याची सोय असते. तिचा उपयोग करून फक्त एका संस्थेच्या पानांत शोधावें. चौथें, काळाची मर्यादा घालावी. गूगलच्या ग्रंथविभागांत व इंटरनेट अर्काइव्ह ह्या ग्रंथसंग्रहांत प्रकाशनवर्षांची सीमा ठरवितां येते. १९०० पूर्वीं छापलेल्या पुस्तकांतच शोधावयाचें असें ठरविलें म्हणजे विसाव्या शतकाचा सगळा कोलाहल आपोआप शांत होतो.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगून ठेवितों. इंटरनेट अर्काइव्हच्या शोधपेटींत शब्द टाकला असतां तो नेहमींच्या मांडणींत केवळ ग्रंथाचें नांव, कर्ता व तत्सम नोंदींत शोधला जातो. ग्रंथाच्या पोटांतील मजकुरांत शोधावयाचें असल्यास तो पर्याय निराळा निवडावा लागतो. हा भेद ठाऊक नसल्यामुळें ‘कांहीं नाहीं’ म्हणून परत फिरलेले अभ्यासक आम्हीं पाहिले आहेत. ते मुखपृष्ठें चाळून परतले. पुस्तक त्यांनीं उघडलेंच नव्हतें.

३

इतकें करूनही जुन्या ग्रंथांत ‘गणेशपुरी’ विरळाच सांपडते. हेंही स्वाभाविक आहे. कारण जुन्या लेखकांच्या दृष्टीनें ह्या टापूची ओळख निराळ्या नांवाची होती. जेम्स कॅम्बेल ह्यानें संपादिलेलें ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर १८८२ त निघालें. तेराव्या भागाचे दोन खंड व चौदावा भाग मिळून तें पुरें होतें, आणि स्थलवर्णन चौदाव्या भागांत आहे. तेथें ह्या ऊन पाण्याच्या झऱ्यांची हकीकत वज्राबाईच्या नांवाखालीं शोधावी लागते. वज्रेश्वरी व वज्रयोगिनी हीं त्याच देवतेचीं नांवें. देवालय जेथें आहे त्या गांवाचें जुनें नांव वडवली, आणि देवीचें मूळ स्थान तेथून उत्तरेस गुंज येथें होतें अशी परंपरा आहे. म्हणजे एका गणेशपुरीच्या शोधास वज्राबाई, वज्रेश्वरी, वज्रयोगिनी, वडवली, गुंज, अकलोली, भीमेश्वर व तानसा इतक्या वाटांनीं जावें लागतें. तानसा हा शब्द दिला असतां मुंबईस पाणी पुरविणारा १८९२ चा तलाव आडवा येतो. तेव्हां तेथें तलाव वजा करून नदी व झरे हे शब्द जोडावे.

वरच्या पायरीवरील नांवांचीही हीच अवस्था आहे. आजची गणेशपुरी ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांत आहे. वसई मात्र १ ऑगस्ट २०१४ रोजीं निघालेल्या पालघर जिल्ह्यांत गेली. पेशवाईच्या कागदांत ‘प्रांत कल्याण भिवंडी’ असा जोड उल्लेख येतो. इंग्रजींत वसईचें ‘बसीन’ झालें. पोर्तुगीज लेखक तिचें नांव ‘बासाईं’ असें उच्चारीत. त्यांच्या लेखनांत ‘सी’ ह्या अक्षराखालीं एक शेपटी असते, व तें अक्षर शेपटीसह व शेपटीविना असें दोन्ही रीतींनीं शोधावें लागतें. भिवंडीचें गॅझेटियरांतील इंग्रजी लेखन ‘डब्ल्यू’ नंतर स्वर न घालतां एकदम ‘एन’ घेऊन केलेलें आहे. आजचें लेखन टाकणारास तें मिळणार नाहीं. ठाण्याच्या अंतीं आज ‘ई’ लिहितात, पूर्वीं ‘ए’ लिहीत. वज्राबाईच्या आरंभीं ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ दोन्ही घालून पाहावे. चिमाजी आप्पांस ग्रँट डफसारखे इंग्रज लेखक ‘चिमणाजी’ म्हणतात, व अंतींचा ‘जी’ दोन ‘ई’ लावून लिहितात.

म्हणून आमचा पहिला नियम असा : शोधास बसण्यापूर्वीं यंत्रास स्पर्श न करतां एक कोरा कागद घ्यावा, व त्यावर स्थळाचीं, व्यक्तींचीं व पदांचीं सर्व नांवें, प्रत्येक भाषेंतील व प्रत्येक काळांतील रूपांसह, लिहून काढावीं. ह्यास आम्ही नामभेदाची यादी म्हणतों. अर्ध्या तासाची ही बैठक पुढचे आठ दिवस वांचविते. शोध चालूं असतां नवें रूप दिसलें कीं तें यादींत घालावें व पुन्हां आरंभापासून शोध करावा.

४

आतां यंत्राच्या दृष्टिदोषाकडे वळूं. छापील पुस्तकाचें चित्र घेतल्यावर त्यांतील अक्षरें यंत्राकडून वाचवितात व त्या वाचनांत शोध चालतो. हें वाचन नवशिक्या कारकुनाच्या नकलेसारखें असतें, आणि कारकुनाप्रमाणें यंत्राच्याही चुका ठरीव असतात. गॅझेटियरांत मराठी दीर्घ ‘आ’ दाखविण्यासाठीं इंग्रजी ‘ए’ वर तिरपी मात्रा दिलेली आहे. यंत्र त्या मात्रेसह अक्षरास कित्येकदां ‘डी’ समजतें. त्यामुळें ठाण्याच्या पोटांत ‘ए’ च्या जागीं ‘डी’ येऊन बसतो व वज्राबाईच्या नांवांत तर दोनदां घोटाळा होतो. हा दोष ओळखून मुद्दाम अशुद्ध शब्द शोधास दिला असतां शुद्ध शब्दानें न सांपडलेलीं पानें हातीं येतात.

अठराव्या शतकांतील इंग्रजी छपाईंत ‘एस’ चें एक लांब रूप वापरीत. तें ‘एफ’ सारखें दिसतें. बसीन ह्या नांवांत असे दोन ‘एस’ एकापुढें एक येतात, त्यामुळें यंत्र तें ‘बफीन’ असें वाचतें. वसईच्या युद्धाविषयीं त्या शतकांतलीं इंग्रजी पुस्तकें धुंडाळणारानें ‘बफीन’ शोधून पाहिल्याविना आपला शोध पुरा झाला असें समजूं नये. मोडींत एका अक्षराचा दुसऱ्या अक्षराशीं होणारा घोटाळा आपण ज्या सावधगिरीनें ध्यानांत ठेवितों, तीच सावधगिरी येथेंही कामास येते.

५

मराठी साधनांच्या बाबतींत अडचण दुहेरी आहे. १९६२ त महाराष्ट्र सरकारनें शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य केले व अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीं छापलेल्या ग्रंथांत ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’, ‘केलें’ असेंच लेखन आहे; आज शिकलेला तरुण अनुस्वार न देतां शब्द टाकितो. मनुष्याच्या डोळ्यास दोहोंत भेद वाटत नाहीं, पण अक्षरास अक्षर लावून पाहणाऱ्या यंत्रास ते दोन भिन्न शब्द होत. जुन्या ग्रंथांत शोधतांना जुनें लेखन व नव्या ग्रंथांत शोधतांना नवें, असा दोन्ही वेळां प्रयत्न करावा. विभक्तिप्रत्ययांचाही असाच उपद्रव होतो. ‘वसई’, ‘वसईस’, ‘वसईचा’, ‘वसईंत’ हीं रूपें निरनिराळीं द्यावीं, म्हणजे एखादें निसटणार नाहीं.

देवनागरी लिपि यूनिकोड ह्या जागतिक संकेतांत १९९१ पासून आहे. तथापि त्यानंतरही बरींच वर्षें मराठी संकेतस्थळें खाजगी टंकांवर चालत. त्या टंकांतील मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी यंत्राच्या पोटीं तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग असतो. म्हणून अशीं पानें मराठी शब्द देऊन सांपडत नाहींत. यूनिकोडांतही ‘कऱ्हाड’ ह्यांतील रफाराचें रूप दोन निरनिराळ्या रीतींनीं साधितां येतें. डोळ्यांस दोन्ही सारखीं, यंत्रास भिन्न. मोडी लिपीस यूनिकोडांत स्थान २०१४ त मिळालें. परंतु आपल्या दफ्तरांतील मोडी कागदांचीं चित्रें अद्याप बहुशः चित्रेंच आहेत. त्यांतील शब्द यंत्रास उमगत नाहींत. चित्राखालीं मनुष्यानें जी चार ओळींची नोंद केली असेल तेवढीच शोधांत सांपडते. ह्या मुद्द्याकडे शेवटीं पुन्हां यावयाचें आहे.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया ह्या योजनेंत हजारों जुनीं मराठी पुस्तकें चित्ररूपानें उतरलीं. तें संकेतस्थळ २०१७ त बंद पडलें, परंतु त्यांतील लक्षावधि ग्रंथ इंटरनेट अर्काइव्हवर वांचले. राजवाड्यांचीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’, सरदेसायांनीं संपादिलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग व असे कित्येक दुर्मिळ ग्रंथ तेथें घरबसल्या पाहावयास मिळतात. मात्र नोंद करणारांनीं मराठी नांवें रोमन लिपींत मन मानेल तशीं लिहिलेलीं आहेत. कर्त्याच्या जागीं संपादक, संपादकाच्या जागीं मुद्रक, व कोठें कोठें दुसऱ्याच ग्रंथाचें नांव आढळतें. म्हणून ग्रंथनामाच्या एका तुकड्यानें, आडनांवानें व मुद्रणवर्षानें असा तिहेरी प्रयत्न करावा. सरदेसायांच्या भागांपैकीं वसईच्या मोहिमेचा भाग ज्यास पाहावयाचा आहे त्यानें मराठी व इंग्रजी दोन्ही ग्रंथनामें करून पाहावीं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनेंही आपला जुना संग्रह ‘ग्रंथसंजीवनी’ ह्या नांवानें महाजालावर आणिला आहे, तोही विसरूं नये.

६

नांवानंतर काळ. वसईच्या तहाची तारीख कोणी ५ मे देतो तर कोणी १६ मे. दोघेही खरे आहेत. १७५२ पूर्वीं इंग्रज जुनी गणना पाळीत व पोर्तुगीज नवी. त्या शतकांत दोहोंत अकरा दिवसांचें अंतर होतें. मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत जो दिवस ५ मे तोच गोव्याकडील कागदांत १६ मे. मराठी कागदांत तोच काळ शके १६६१, सिद्धार्थी संवत्सर, वैशाख असा येईल, आणि सुहूर सन पाहिल्यास ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे ११३९ असेल. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस मृगास सन पालटून ‘अर्बैन मया व अलफ’, म्हणजे ११४०, सुरूं होतो. केवळ ‘१७३९’ हा आंकडा शोधणारास ह्यांपैकीं एकही कागद सांपडणार नाहीं. तेव्हां नामभेदाच्या यादीशेजारीं कालभेदाची यादी असावी, व शकाचे आंकडे देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही अंकांत देऊन पाहावे.

७

आतांपर्यंत सांगितलें तें उघड्या मैदानाविषयीं झालें. परंतु महाजालाचा फार मोठा भाग कोठीबंद आहे. तेथें बाहेरचें शोधयंत्र शिरत नाहीं, आपण स्वतः दाराशीं जाऊन विचारावें लागतें. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानें २०१५ त ‘अभिलेख पटल’ हें दालन उघडलें. लिस्बन येथील तोर्रे दो तोंबो ह्या दफ्तरखान्याची सूचि महाजालावर आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसचीं दफ्तरें आहेत. ह्या प्रत्येक ठिकाणीं त्याच्या स्वतःच्या शोधपेटींत, त्याच्या भाषेंत व त्याच्या वर्गीकरणाप्रमाणें शब्द दिला पाहिजे. वसईच्या पोर्तुगीज बाजूचा अभ्यास करणारानें मराठी नांवें थोडा वेळ बाजूस ठेवून पोर्तुगीज हुद्द्यांच्या व ठाण्यांच्या नांवांनीं शोधावें. कै. पांडुरंग पिसुर्लेकरांनीं गोव्याच्या दफ्तरांतून जें काढून छापलें, त्याच्या सूचींतून हीं नांवें सहज जमा करतां येतात. छापील सूचींतून शब्द घ्यावे, ते कोठीबंद दालनांत टाकावे, तेथील नोंदींतून नवे शब्द घेऊन पुन्हां छापील ग्रंथांकडे यावें, असें हें रहाटगाडगें आहे.

हीं दालनें नित्य उघडीं राहतील असाही भरंवसा नाहीं. ऑक्टोबर २०२३ त ब्रिटिश लायब्ररीच्या यंत्रांवर हल्ला होऊन तिची सूचि कित्येक महिने नीट चालत नव्हती. ऑक्टोबर २०२४ त इंटरनेट अर्काइव्हही अशाच हल्ल्यामुळें कांहीं दिवस बंद पडलें. म्हणून जें सांपडेल तें तत्काळ उतरून घ्यावें. कोणत्या दिवशीं, कोठें, कोणते शब्द दिले व काय मिळालें हें टिपणवहींत लिहावें. आणि मिळालें नाहीं तेंही लिहावें. ‘अमुक शब्दांनीं, अमुक दालनांत, अमुक तारखेस शोधलें, आढळलें नाहीं’ ही नोंद पुढच्या अभ्यासकाचा वेळ वांचविते. नुसतें ‘नाहीं’ म्हणणें व असें नोंदलेलें ‘नाहीं’ ह्यांत अफवा आणि पंचनामा ह्यांइतकें अंतर आहे.

८

सांपडलेल्या मजकुराची चिकित्सा हा ह्या विद्येचा उत्तरार्ध. वज्रेश्वरीच्या नवसाची कथा महाजालावर शेंकडों पानांवर आहे. परंतु चारदोन पानें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे तेंच वाक्य, तोच शब्दक्रम व तीच मुद्रणाची चूक पुढें येते. हस्तलिखितांचा व्यासंग असणारांस ह्याचा अर्थ सांगावयास नको. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां पोथ्यांची संख्या न मोजतां त्यांचे वंश पाहिले. एकाच आदर्शावरून उतरलेल्या पोथ्यांची जात त्यांच्या समान चुकांवरून ओळखतात, आणि त्या सर्वांची साक्ष मिळून एकच धरितात. महाजालावरील पानांस हाच कायदा लावावा. शंभर पानांची साक्ष एका पानाची ठरली, तर त्या एका पानाचा जन्म केव्हांचा व त्यानें कोणत्या कागदाचा आधार दिला हें पाहावें. जुनें पान नंतर पालटलें असल्यास त्याचें पूर्वरूप पाहण्याची सोय इंटरनेट अर्काइव्हनें २००१ पासून केलेली आहे. पाठभेदांचा अभ्यास करणारास ती अमोल आहे.

ह्या कथेपुरतें बोलावयाचें तर तिच्या शेजारीं तीन प्रकारचीं साधनें ठेवून पाहावीं. पहिलें, मोहीम चालूं असतांचा पत्रव्यवहार. चिमाजी आप्पांचें ब्रह्मेंद्रस्वामींस वसईच्या विजयाविषयीं लिहिलेलें पत्र ह्या वर्गांतलें होय. दुसरें, ‘साष्टीची बखर’ व तत्सम मागाहून रचिलेलीं वर्णनें. तिसरें, देवस्थानाच्या इनामाचे व नेमणुकीचे कागद. बांधकाम सुभेदार शंकर केशव फडके ह्यांच्याकडे सोंपविलें होतें असें परंपरा सांगते. तेव्हां त्यांच्या नांवानें दफ्तरांच्या याद्या पाहणें हा ह्या शोधाचा पुढचा टप्पा होय. पत्राचें वजन निराळें, बखरीचें निराळें, हिशेबाच्या यादीचें निराळें. १८९८ त साधनांचा पहिला खंड काढतांना राजवाड्यांनीं बखरींतील चुका अस्सल पत्रांवर घांसून दाखविल्या. महाजालावर तो धडा विसरण्याचें कारण नाहीं.

उलट त्याची गरज वाढलीच आहे. २०२२ च्या अखेरीपासून प्रश्न विचारतांच सलग, गोड भाषेंत उत्तर रचून देणारीं यंत्रें सर्वत्र झालीं. त्यांचा उपयोग आम्हांस अमान्य नाहीं. नामभेदाची यादी वाढविण्यास, पोर्तुगीज नोंदीचा अर्थ लावण्यास, अथवा शोधाची नवी दिशा सुचविण्यास तीं चांगलें साह्य करितात. परंतु त्यांचें उत्तर ही साक्ष नव्हे. कधीं कधीं तीं जगांत नसलेल्या ग्रंथाचा पृष्ठांकासह हवाला देतात. बखरकार ज्याप्रमाणें ऐकींव, वाचलेलें व कल्पिलेलें एका रसांत कालवून, साल न घालतां, निःशंकपणें सांगतो, त्याच धर्तीची ही यांत्रिक बखर आहे. तिनें दाखविलेल्या प्रत्येक हवाल्याचें पान स्वतः उघडून पाहावें. पान न सांपडल्यास तो हवाला टाकून द्यावा.

९

शेवटीं त्या रद्दींत गेलेल्या रुमालाकडे येतों. तो मुलगा शोध करीत होता तेव्हां त्यास ‘वज्राबाई’ हा शब्द सुचला असता, तर गॅझेटियराचें पान पुढें आलें असतें व घरांतील कागदांकडे त्यानें निराळ्या दृष्टीनें पाहिलें असतें. हा त्याच्या शोधांतील उणेपणा झाला. परंतु दुसरा उणेपणा आपला आहे. ह्या मुलुखांतील कागदपत्रांविषयीं आपण संग्राहकांनीं महाजालावर चार ओळी तरी घातल्या आहेत काय? ज्याची नोंद कोणी केलीच नाहीं तें यंत्रानें दाखवावें कोठून? मोडी कागद मुका असतो. त्याच्या वतीनें फेरिस्त बोलते.

आमची सूचना अशी आहे. आपल्या संग्रहांतील प्रत्येक रुमालाची व बाडाची एक लहानशी फेरिस्त करावी. तींत गांवाचें आजचें नांव, कागदांतील जुनें नांव, परगणा किंवा प्रांत, व्यक्तींचीं आडनांवें, शक, सुहूर सन व त्यांशीं जुळणारें इसवी सन हीं यूनिकोड देवनागरींत लिहावीं. शक्य तेथें रोमन रूपही जोडावें. नांव जुन्या व नव्या दोन्ही शुद्धलेखनांत द्यावें. कागद दाखविण्यास कोणाची हरकत असेल तर चित्र देऊं नये, पण नोंद अवश्य द्यावी. धन्याचें नांव गुप्त ठेवूनही ती देतां येते. मंडळाच्या सभासदांनीं आपल्या तालुक्यापुरतें हें काम पत्करल्यास तें अवजड नाहीं. चांगला शोध करणें ही ह्या विद्येची एक बाजू झाली. दुसऱ्याच्या शोधांत सांपडेल अशी तजवीज करून ठेवणें ही दुसरी.

त्या घरांतील उरलेल्या रुमालाची फेरिस्त करण्यास आम्ही आरंभ केला आहे. जमाखर्चाच्या त्या कागदांवर कसर लागलेली असून कांहीं बंद पाण्यानें चिकटलेले आहेत, तथापि बहुतेक वाचतां येण्याजोगे आहेत. फेरिस्त लिहिण्याच्या कामीं घरांतील तोच मुलगा आम्हांस साह्य करीत आहे. मोडीचीं पहिलीं अक्षरें त्यानें गिरविलीं असून, यंत्रावर नोंदी चढविण्याचें काम तो आमच्याहून पुष्कळ जलद करितो. ज्या सभासदांपाशीं भिवंडी, वाडें व वसई ह्या भागांतील कागद असतील, त्यांनीं आपल्या याद्या आमच्या यादीशीं ताडून पाहाव्या, अशी विनंति आहे.